नावावर जाऊ नका, पंखाचा काठ बघा

डिसेंबर लागला की आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. उजनी धरणाच्या फुगवट्यात होडी, होडीत गॉगल लावलेला कुणीतरी आणि त्याच्या डोक्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा गलका. खाली एकच ओळ: 'सोलापुरात सीगल!' यंदा त्याखाली एकाने विचारलं, "समुद्र कुठंय बे सोलापूरला?" वीस-पंचवीस जण हसले, उत्तर कुणीच दिलं नाही. दोन दिवसांनी एका बातमीचं कात्रण आलं, 'सायबेरियाचे पाहुणे उजनीवर दाखल'. म्हणजे आता समुद्रही आला आणि सायबेरियाही आला. पक्षी नेमका कोणता, हे मात्र कुणी सांगेना.

गेली काही वर्षं मी हिवाळ्यात दुर्बीण घेऊन हिप्परगा तलाव आणि उजनीच्या काठाने हिंडतो. पहिली दोन वर्षं या पक्ष्याने मला पुरतं फसवलं, आणि त्यात माझ्यापेक्षा पुस्तकातल्या नावांचा दोष जास्त होता. म्हणून हा खटाटोप.

## 'सीगल' हा नक्की कोण?

'सीगल' नावाची एखादी ठरावीक जात नाही. गल हे एक मोठं कुटुंब आहे, जगभरात त्याच्या पन्नासेक जाती आहेत. मराठीत या कुटुंबाला 'कुरव' म्हणतात. पक्ष्यांची अशी मराठी नावं गोळा करण्यात उभं आयुष्य घालवणारे मारुती चितमपल्ली आपल्या सोलापूरचेच. जून २०२५ मध्ये ते याच शहरात गेले. एवढं मोठं माणूस गावात होऊनही आपण 'सीगल'च म्हणतो, असो.

'सी' हे शेपूट ज्यांनी हा पक्षी बंदरांवर पाहिला त्यांनी जोडलं. आपणही बहुतेक जण कुरव पहिल्यांदा पाहतो तो गेटवेहून एलिफंटाला जाताना, लाँचच्या मागे लागलेला. त्यामुळे हा समुद्राचा, हे डोक्यात पक्कं बसतं. पण पुण्यात नोकरीला असलेला सोलापूरकर दिवाळीआधी स्वारगेटला दिसला म्हणून तो काही पुण्याचा होत नाही. त्याचं गाव वेगळं, पोटापाण्याची जागा वेगळी. कुरवाचंही तसंच आहे. एलिफंटाच्या लाँचमागे उडणाऱ्या थव्यात जो कुरव भरपूर असतो, तोच उजनीवर येतो, आणि त्याचं गाव समुद्रापासून कैक कोस दूर, बर्फाच्या डोंगरात आहे.

पक्ष्याचं 'गाव' म्हणजे जिथे तो घरटं करून पिल्लं काढतो ती जागा, एवढं धरून चाला. पुस्तकात त्या काळाला 'विणीचा हंगाम' म्हणतात. बाकीचे महिने तो जिथे काढतो ते त्याचं हिवाळी बिऱ्हाड.

## मग गाव कोणतं, सायबेरिया की आणखी कुठलं?

उजनीवर दोन लहान कुरव नेहमी दिसतात: तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव. लांबून दोघे सख्खे भाऊ वाटतात. दोघांची गावं मात्र एकमेकांपासून फार लांब.

तपकिरी डोक्याचा कुरव मध्य आशियाच्या उंच पठारांवर वीण करतो. तिबेट, ताजिकिस्तानचे डोंगर आणि आपलं लडाख. लडाखमधलं त्सो मोरीरी सरोवर समुद्रसपाटीपासून साधारण ४,५०० मीटर उंचीवर आहे, तिथे हा पक्षी उन्हाळ्यात असतो. तिथून सोलापूर सरळ रेषेत मोजलं तर १,७०० किलोमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे ज्याला आपण परदेशी पाहुणा म्हणून हार घालतो, त्यातले काही जण आधार कार्ड असतं तर भारताचंच दाखवतील.

काळ्या डोक्याच्या कुरवाचा पसारा प्रचंड आहे. आइसलँडपासून युरोप, रशिया ओलांडून थेट कामचाटकापर्यंत तो वीण करतो. तेव्हा 'सायबेरियाचे पाहुणे' हे वाक्य एका भावाबाबत खरं असू शकतं, दुसऱ्याबाबत सपशेल चूक. बातमी लिहिणाऱ्याने आधी पक्षी कोणता ते बघायला हवं. पण वर्षानुवर्षं थंडीत पंख हलवणारं काहीही दिसलं की ते सायबेरियाचं, असा आपल्याकडे रिवाजच पडला आहे.

दोघेही साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात खाली उतरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत निघतात. सिद्धेश्वरांच्या गड्ड्यात, म्हणजे जानेवारीतल्या जत्रेत, गर्दी असते तेव्हा तेही इथेच असतात.

## खारं पाणी, गोडं पाणी, दोन्ही कसं चालतं?

समुद्रावर राहणारा पक्षी उजनीचं गोडं पाणी पितो आणि उजनीवरचा पक्षी मुंबईला जाऊन खारं पाणी पितो, हे कसं, असा प्रश्न मला एका शिक्षिकाबाईंनी विचारला होता. कुरवाच्या डोळ्यांच्या वर, कवटीत, मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात. रक्तातलं जास्तीचं मीठ त्या वेगळं काढतात आणि ते खारट पाणी नाकपुड्यांतून थेंबाथेंबाने चोचीवरून ओघळतं. घरातलं आरओ मशीन आठवा, चांगलं पाणी एका नळीतून आणि खारट पाणी दुसऱ्या नळीतून जातं. कुरवाची ती दुसरी नळी म्हणजे नाक. गोड्या पाण्यावर आला की या ग्रंथींना फारसं काम उरत नाही. दिवसच्या दिवस नळाची वाट बघणाऱ्या शहराला या यंत्राचा हेवा वाटावा.

## नावाने घातलेला घोळ

आता खरी गंमत. तुम्ही डिसेंबरात उजनीवर गेलात, पुस्तक उघडलंत, 'तपकिरी डोक्याचा' आणि 'काळ्या डोक्याचा' अशी दोन नावं वाचलीत आणि दुर्बिणीतून डोकी तपासायला लागलात. एकही तपकिरी डोकं नाही. एकही काळं नाही. सगळी डोकी पांढरी. डोळ्यामागे फक्त एक काळपट ठिपका, काजळाचं बोट लागल्यासारखा. आणि तो ठिपकाही दोघांना असतो.

माझी पहिली दोन वर्षं इथेच वाया गेली. कारण असं की डोक्याचा रंग हा लग्नातला फेटा आहे. विणीच्या हंगामात तो चढतो, हंगाम संपला की पिसं झडतात आणि नवी पांढरी पिसं येतात. फेट्यावरून माणसाचं नाव ठेवलं आणि तो आपल्याला भेटतो नेमका बोडक्या डोक्याने, तर ओळखणार कसा?

बरं, फेटा असतानाही नाव धड नाही. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं काळं नसतंच, ते गडद चॉकलेटी असतं. तपकिरी डोक्याचं त्याहून फिकं तपकिरी. म्हणजे दोघेही तपकिरीच, एक कडक चहा आणि एक दूध जास्त झालेला. ही नावं ठेवली कुणी? काळ्या डोक्याच्या कुरवाला शास्त्रीय नाव १७६६ मध्ये लिनियसने, म्हणजे सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या शास्त्रज्ञाने, दिलं, त्यात डोक्याचा उल्लेखही नाही. त्यातल्या 'रिडिबुंडस' या शब्दाचा अर्थ 'हसणारा', आवाजावरून दिलेलं नाव. या दोघांच्या शास्त्रीय नावांत डोकं आणलं ते थॉमस जर्डनने. मद्रास इलाख्यात डॉक्टरकी करणाऱ्या या साहेबाने १८४० मध्ये दुसऱ्या भावाला 'ब्रुनिसेफॅलस' म्हटलं, शब्दशः तपकिरी डोक्याचा. पुढे इंग्रजी नावांवरून मराठी नावं आली आणि हिवाळ्यात पक्षी बघणाऱ्या सगळ्या हिंदुस्थानाच्या डोक्याला ताप झाला.

## काठ बघा

सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको, की चादर असो की साडी, ओळख अंगावरून होत नाही, काठावरून होते. कुरवाचंही तेच. डोकं सोडा, तो उडेपर्यंत थांबा आणि पंखाच्या टोकाकडे बघा.

तपकिरी डोक्याच्या कुरवाचं पंखटोक ठसठशीत काळं असतं आणि त्या काळ्या रंगात दोन पांढरे डाग असतात. पक्षीनिरीक्षक त्यांना 'आरसे' म्हणतात. काळ्या कापडावर टाके घालून आरसे बसवावेत अगदी तसे ते दिसतात, म्हणून नाव लक्षात ठेवायला सोपं. काळ्या टोकाच्या आतल्या बाजूला, अंगाकडे, आणखी एक पांढरा पट्टा असतो.

काळ्या डोक्याच्या कुरवाचं उलटं. त्याच्या पंखाची पुढची कड, म्हणजे उडताना हवा कापत जाणारी कड, मनगटापासून टोकापर्यंत पांढरीशुभ्र असते. वरून पाहिलं तर एक लांबट पांढरी पाचर ठोकल्यासारखी दिसते. काळा रंग फक्त पिसांच्या टोकाला, मागच्या बाजूने बारीक किनार लावल्यासारखा. आरसे नाहीत.

एवढंच लक्षात ठेवलंत तरी पुरे: काळ्यात आरसे असले तर तपकिरी डोक्याचा, पुढची कड पांढरी असली तर काळ्या डोक्याचा. एक सावधगिरी हवी. पक्षी डोक्यावरून गेला आणि तुम्ही खालून पाहिलंत, तर दोघांच्याही पंखाखाली काळपट दिसतं आणि फसायला होतं. तो वळेपर्यंत, पंखाची वरची बाजू दिसेपर्यंत थांबायचं.

आणि बसलेला असेल तर? मग डोळा. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाची बुबुळं फिकी, पिवळसर पांढरी असतात, त्यामुळे तो जरा रागावून रोखून बघतोय असं वाटतं. काळ्या डोक्याच्याचे डोळे काळेभोर आणि चेहरा गरीब. तपकिरी डोक्याचा अंगानेही थोडा थोराड, त्याची चोच जाड, लाल आणि टोकाला काळी. दोघे शेजारी बसले तर हा फरक जाणवतो, एकटा बसला तर अंगापिंडाच्या भानगडीत पडू नये.

## "पण माझ्या फोटोतला तर दोन्हींत बसत नाही"

बसणार नाही, कारण तो बहुधा पोरगा आहे. पहिल्या हिवाळ्यातल्या पक्ष्याच्या पंखावर तपकिरी चट्टेपट्टे असतात आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी. अशा पोरवयातल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाला आरसे नसतात, डोळाही अजून फिका झालेला नसतो. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही खुणा बाद. मग त्याच्या पंखटोकाचा काळा भाग किती रुंद आहे ते बघायचं. टोक सलग काळं असेल तर तपकिरी डोक्याचा. पुढच्या कडेला पांढरी पाचर असेल तर पोरगा असला तरी काळ्या डोक्याचा.

लहान कुरवांना प्रौढ व्हायला साधारण दोन वर्षं लागतात, मोठ्या जातींना चार. त्या काळात दर मोसमाला कपडे बदलत जातात. एका हौशी मित्राने एकाच पक्ष्याचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो चार जाती म्हणून दाखवल्याचं मी पाहिलंय. तो मित्र मीच.

फेब्रुवारीच्या शेवटी जमलं तर जरूर जा. तेव्हा डोक्यावर रंग चढायला लागलेला असतो, कुणाचं अर्धं डोकं तपकिरी, कुणाचं डाग पडल्यासारखं. अर्धवट फेटा बांधलेली वरात पाहावी तसा तो थवा दिसतो.

## थव्यातला थोरला

कधी या लहान कुरवांच्या मधोमध एक दांडगा पक्षी बसलेला दिसतो, जवळजवळ दुप्पट वाटणारा. तो पलासचा कुरव. कॅस्पियन समुद्राच्या आसपासपासून मंगोलियापर्यंत वीण करणारा. पेटर सिमोन पलास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. पंख पसरले की दीड मीटरच्या घरात. चोच पिवळी, टोकाशी काळा पट्टा आणि लाल रंग. याचं डोकं मात्र विणीच्या हंगामात खरोखर काळंकुळकुळीत होतं, आणि तेही लवकर. जानेवारी-फेब्रुवारीतच काळी टोपी चढवलेले काही दिसतात. म्हणजे 'काळ्या डोक्याचा' हे नाव खरं शोभतं ते यालाच, आणि इंग्रजीत त्याला 'ग्रेट ब्लॅक-हेडेड गल' असंही म्हणतात.

पाठ गडद राखाडी, पाय पिवळे आणि पिवळ्या चोचीवर खालच्या बाजूला लाल ठिपका, असा कुरव दिसला तर तो उत्तर रशियाच्या टुंड्रातून आलेला ह्युग्लिनचा कुरव असू शकतो. त्याच्यासाठी लांबून आल्याची बातमी खुशाल छापावी.

आणि उजनीवर ज्याला लोक सर्रास सीगल म्हणतात तो अनेकदा कुरव नसतोच. तो असतो नदी सुरय. सडपातळ अंग, टोकदार पिवळी चोच, दुभंगलेली लांब शेपटी. सुरय पाण्यावर घिरट्या घालतो, मासा दिसला की वरून सूर मारतो आणि पाण्यावर सहसा बसत नाही. कुरव बदकासारखा पाण्यावर आरामात तरंगत बसतो. एवढ्याने काम भागतं.

## पोट भरण्याची तऱ्हा

कुरवाला खोल बुडी मारता येत नाही. त्यामुळे जे वर तरंगतं, काठाला लागतं, दुसऱ्याच्या तोंडातून पडतं ते त्याचं. लहान मासे, किडे, मेलेले जीव, जाळं झटकताना पडलेली चिलापीची पोरं, काहीही. हुरडा पार्टीला आपली कणसं आगटीत न घालता बाजूच्याच्या ताटलीतले दाणे उचलणारा एक पाहुणा प्रत्येक शेतावर असतो ना, तसा हा. सुरयाने मासा पकडला की दोन-तीन कुरव त्याच्या मागे लागतात आणि मासा सोडेपर्यंत पिच्छा पुरवतात. कष्ट एकाचे, घास दुसऱ्याचा. युरोपात काळ्या डोक्याचे कुरव नांगरामागे किडे वेचत चालतात, आपल्याकडे गाळपेरीच्या रानात ते काम गायबगळ्यांनी आधीच बळकावलंय. ओल्या गवतावर जागच्या जागी पाय आपटून गांडुळं वर काढायची युक्तीही या कुटुंबात आहे.

पण या पक्ष्याला नुसता उचल्या समजू नका. काळ्या डोक्याच्या कुरवावर निको टिंबर्गेन या शास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये जे पाहिलं ते मला फार आवडतं. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की आईबाप फुटलेलं कवच चोचीत धरतात आणि दूर टाकून येतात. काही सेकंदांचं काम, पण दरवेळी, न चुकता. का? अंड्याची बाहेरची बाजू ठिपक्यांची, मातीत मिसळून जाणारी. आतली बाजू मात्र पांढरी. फुटकं कवच घरट्यापाशी पडलं की पांढरा रंग लांबून चमकतो. टिंबर्गेनने काही अंड्यांपाशी फुटकी कवचं ठेवली आणि काही तशीच ठेवली. कवचाजवळची अंडी कावळ्यांनी आणि इतर कुरवांनी जास्त शोधून खाल्ली. म्हणजे कवच टाकणं हा टापटीपपणा नव्हता, तो पहारा होता.

मग पिल्लू बाहेर येताक्षणी का टाकत नाहीत, थोडं थांबतात का? कारण शेजारी. कुरव दाटीवाटीने घरटी करतात आणि नुकतंच बाहेर आलेलं ओलं पिल्लू शेजाऱ्याला सहज गिळता येतं. पिसं सुकून फुगली की गिळायला अवघड. म्हणून आईबाप पिल्लू सुकेपर्यंत हलत नाहीत, मग कवच उचलतात. कावळ्याची भीती एका बाजूला, शेजाऱ्याची दुसऱ्या बाजूला, मध्ये नेमकी वेळ साधायची. चाळीत राहिलेल्यांना हे हिशेब कळतील.

मघाशी ज्या लाल ठिपक्याचा उल्लेख केला, त्यावरही टिंबर्गेनने काम केलं, हेरिंग गल या मोठ्या जातीवर. पिल्लू त्या ठिपक्यावर चोच मारतं आणि आईबाप पोटातलं अन्न ओकून देतात. दारावरची बेलच म्हणा ना. पुठ्ठ्याची खोटी डोकी करून त्याने दाखवलं की पिल्लाला आख्खी आई लागत नाही, लाल ठिपका पुरतो. प्राण्यांच्या वागणुकीवरच्या अशा अभ्यासासाठी १९७३ मध्ये त्याला इतर दोघांसोबत नोबेल पारितोषिक मिळालं.

## उजनीच का?

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या जलाशयात, यशवंतसागरात, साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून जास्त, ६३-६४ टीएमसी, मृत साठा. मृत साठा म्हणजे दरवाजांच्या पातळीखालचं, नेहमीच्या मार्गाने बाहेर न येणारं पाणी. उजनी 'मायनस'मध्ये गेली, हे वाक्य सोलापूरकराला समजावून सांगायला नको. आपल्या पोटात गोळा आणणारी ही गोष्ट पक्ष्यांच्या मात्र कामाची आहे. उन्हाळा-दुष्काळातही इतकं पाणी तळाशी राहतं म्हणून हा जलाशय सहसा कोरडा पडत नाही, मासळी टिकते.

हिवाळ्यात पाणी हळूहळू ओसरतं. करमाळा तालुक्यातल्या केत्तूर, कुगावच्या बाजूला काठ उघडे पडायला लागतात, चिखल, उथळ पाण्याची डबकी, छोटी बेटं तयार होतात. खोल बुडी न मारणाऱ्या पक्ष्याला हवं ते सगळं तिथे असतं. रात्री थवा मोकळ्या पाण्यावर किंवा बेटावर जातो, कोल्ह्या-कुत्र्यांपासून लांब.

काठावरच्या कोळी-भोई मंडळींचं यात नुकसान होतं का, असं विचारतात. हा पक्षी उचलतो ती बोटाएवढी मासळी आणि फेकलेलं. पावशेराची चिलापी त्याच्या घशात जात नाही.

## "शेव टाकली तर बिघडलं कुठं?"

दिल्लीत यमुनेच्या घाटावर हिवाळ्यात लोक होडीतून या कुरवांना शेव-फरसाण टाकतात, त्याचे सुंदर फोटो येतात. आता हे उजनीवरही सुरू झालंय. एका होडीवाल्या मामांना मी म्हटलं, "मामा, नका टाकू ओ." ते म्हणाले, "साहेब, शेव टाकल्याबिगर गिऱ्हाइकाचा फोटो होत नाही. फोटो नाही झाला तर ते परत येत नाही." त्यांचंही खोटं नाही, तीन-चार महिन्यांच्या हंगामावर त्यांचं घर चालतं.

पण शेव म्हणजे बेसन, तेल आणि मीठ. पक्ष्याचं पोट भरतं, अंगाला लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये ज्याला हिमालयाकडे उडायचं आहे, त्याच्या अंगात माशांची आणि किड्यांची ताकद असावी लागते. दुसरी गोष्ट, एरवी विखुरलेले पक्षी एकाच होडीभोवती एकमेकांच्या अंगावर पडायला लागतात. रोगाला याहून सोयीची जागा कोणती?

मी मामांसोबत एक तोड काढली. होडी सकाळी लवकर जाळी ओढणाऱ्यांच्या जवळ न्यायची, पण अंतर राखून. जाळं वर आलं की कुरव आपोआप येतात, सुरयाच्या मागे लागतात आणि शेवेविना फोटो होतो. गिऱ्हाइकाला पहाटे उठवणं एवढंच अवघड.

## बर्ड फ्लूचं काय?

हा प्रश्न सोलापुरात विचारायचा हक्क आहे, कारण मार्च २०२५ मध्ये इथे तलावांच्या परिसरात कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. स्थलांतर करणारे पाणपक्षी हा विषाणू वाहून नेऊ शकतात, हे खरं आहे. पण ते त्याला बळीही पडतात. २००५ मध्ये चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने हजारो पक्षी मेले, त्यात पट्टकादंब हंसांसोबत तपकिरी डोक्याचे आणि पलासचे कुरवही होते.

म्हणून कुरव दिसला की पळायचं कारण नाही आणि त्याला हातावर खायला घालायचंही कारण नाही. मेलेला किंवा लुळा पडलेला पक्षी दिसला तर हात लावू नये, पोरांना आणि कुत्र्याला लांब ठेवावं आणि पशुसंवर्धन विभागाला किंवा वनखात्याला कळवावं. कोंबडी-अंडी नीट शिजवून खाणाऱ्याने कुरवाच्या नावाने जेवण सोडू नये.

## दोन भाऊ वेगळे ओळखून करायचं काय?

हे मला घरातूनच ऐकावं लागतं. "पांढरा पक्षी आहे, छान आहे, झालं की!"

झालं, पण एका मर्यादेपर्यंत. हिवाळी पक्ष्यांची मोजणी करताना सगळे 'सीगल' म्हणून एका रकान्यात टाकले, तर पुढे एखाद्या वर्षी आकडा घटला तरी कुणाच्या गावात काय बिघडलं ते कळणार नाही. तपकिरी डोक्याचे कमी झाले तर नजर तिबेट-लडाखच्या सरोवरांकडे जायला हवी. काळ्या डोक्याचे कमी झाले तर आणखी उत्तरेकडे. ऊसतोडीला एकाच फडात माणदेशाचीही टोळी असते आणि मराठवाड्याचीही. यंदा मजूर कमी आले, एवढंच लिहून ठेवलं तर दुष्काळ कुठे पडला ते कसं समजणार?

तर, ग्रुपवरच्या त्या फोटोकडे परत येऊ. मी तो मोठा करून पाहिला. गॉगलवाल्याच्या उजव्या कानावर एक पक्षी वळताना पकडला गेला होता, पंखाची वरची बाजू स्वच्छ दिसत होती. टोक काळं, त्यात दोन पांढरे आरसे, डोळा फिका. मी ग्रुपवर लिहिलं: तपकिरी डोक्याचा कुरव, गाव लडाख-तिबेट, डोकं सध्या पांढरं.

दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग 'समुद्र कुठंय' विचारणाऱ्याचाच मेसेज आला, "म्हणजे सीगलच ना बे?"

हो बे, सीगलच.